वैशाखातले डिंकाचे लाडू

यंदाही उन्हाळा आला आणि माझी चिडचिड सुरू झाली. मराठवाड्यात जन्म काढलेल्या बाईने उन्हाबद्दल कुरकुर करू नये, हे मलाही कळतं. पण माझा राग उन्हावर नाहीच. एप्रिल निम्मा सरला की जालना रोडच्या कडेला पंक्चरवाल्यांच्या टपऱ्यांपुढे रचलेले जुने टायर तापायला लागतात आणि त्यांचा वास सुटतो. तो वास नाकात गेला की माझ्या कमरेला कुणी पट्टा आवळतंय असं वाटतं, पाठीमागून खरखर ऐकू येते आणि मी विनाकारण रिक्षावाल्यावर खेकसते. परवा त्या बिचाऱ्याने मागे वळून विचारलं, "मैंने क्या किया, मॅडम?" त्याने काहीच केलं नव्हतं.

आम्ही पाच जणी होतो आणि आम्हाला दक्षिण ध्रुवावर जायचं होतं. त्या काळच्या औरंगाबादेत हे वाक्य बोलायला जीभ रेटत नसे, पण रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. आमच्या हेडक्लार्कनी रजेचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "दक्षिण म्हणजे तिरुपतीच्या पुढं का?" मी म्हटलं, "लई पुढं." त्यांनी अर्जावर 'धार्मिक कारण' असं लिहून टाकलं. मी वाद घातला नाही. वाद घालून रजा मिळत नाही, एवढं त्या खात्यात मी शिकले होते.

बर्फावर ओढायची बिनचाकाची सामानगाडी, म्हणजे स्लेज, आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती. म्हणून आम्ही टायर ओढायचो. आधी स्कूटरचा, मग जीपचा, मग ट्रकचा, आणि शेवटी ट्रकचे दोन. कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला दोर, दोराच्या टोकाला टायर. पहाटे निघून दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालून खुलताबादच्या घाटापर्यंत जायचं आणि ऊन चढायच्या बेताला परत फिरायचं. आठच्या सुमाराला रस्ता तापायला लागे, डांबर मऊ पडे, आणि टायर डांबराला असा धरून बसे की वाटे, मागे कुणीतरी दोर पकडून बसलंय.

रस्त्यावरच्या माणसांनी आमचा जीव नकोसा केला होता. हेटाळणी केली असती तर परवडलं असतं. सगळे मदत करायला यायचे. ट्रकवाले गाडी थांबवून म्हणायचे, "ताई, टाका तो टायर मागं, सोडतो की गावापोत्तर." पडेगावच्या पुढे एका म्हाताऱ्याने माझ्यामागून चालत येऊन न सांगताच टायर उचलून धरला. दोर एकदम सैल झाला आणि मी तोंडावर आपटले. वर तोच म्हणाला, "बाईमाणसाला एवढं वझं कुणी लावलं गं? सासरचे हायेत का?" खुलताबादच्या मारुतीला पायी जाणारी माणसं तर सरळ पाया पडत. त्यांना वाटे, कसला तरी अवघड नवस आहे. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत आमच्या टायरांवर हळद-कुंकू, रुईची पानं आणि एकदा तर अख्खा नारळ निघाला होता. नसीम तेवढ्यावरून रोज डोकं धरून बसायची. ती शहागंजातली, आमच्यात सगळ्यात दांडगी. "हम क्या अंटार्क्टिका जारे, ये लोगां हमारेकू देवळातच बसवून टाकनारे," म्हणायची.

आणि या सगळ्यावर सुभेदार. हे आमचे शिक्षक. फौजेतून निवृत्त झालेले, बरीच वर्षं उंचावरच्या बर्फात काढलेली. डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिलेली. त्यांचा पहिला हुकूम असा होता की घाम गाळायचा नाही. बर्फात घाम आला की तो कपड्यांच्या आत गोठतो आणि माणूस घामाने मरतो, म्हणून अंगाला घाम फुटायच्या आत चाल कमी करायची, ही सवय आतापासून लावा, असं त्यांचं म्हणणं. वैशाखात. खुलताबादच्या घाटात. दोन टायर मागे. सुभेदार जीपमधून उतरून एकेकीच्या मानेवर बोट फिरवायचे आणि बोट ओलं झालं की ओरडायचे, "मेलीस! ही मेली! पुढची!" रोज सकाळी साडेसातपर्यंत आम्ही पाचही जणी मेलेल्या असायचो. पाचही नाही, चार. मंगल मरत नसे.

मंगल खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरातल्या मेंढपाळाच्या घरातली. शिकून झेडपीच्या शाळेत शिक्षिका झालेली, पण चाल मेंढरांमागची. एका लयीत, पावलाला पाऊल लावून, मान खाली. तिला घाई म्हणून नसायची. मी करमाडच्या बागायतदाराची मुलगी, मला बसल्या जागी घाई. मी पुढे जाऊन थांबायचे, मागे वळून बघायचे, चरफडायचे. संघ तुटता कामा नये हा सुभेदारांचा दुसरा हुकूम, म्हणजे जी सगळ्यात हळू तिच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. मंगलच्या चालीने चालून चालून मला वेड लागायची पाळी आली होती. "जरा पाय उचल की गं," मी म्हणायची. ती म्हणायची, "उचलते की. एकामागं एकच उचलता येतोय."

त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं वाळून कोळ झालेली असत. किल्ल्याच्या टेकडीवरून गरम वारा उतरायचा आणि त्यात धूळ, शेळ्यांचा वास आणि कुठल्या तरी चुलीवरच्या भाकरीचा वास असायचा. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पांढरं पसरलेलं असायचं. मी ते पांढरं कुठे पाहिलं होतं? बर्फाच्या कारखान्यात. दर बुधवारी सुभेदार आम्हाला तिथे नेऊन लाद्यांमध्ये बसवायचे आणि जाड मोजे घालून दोराच्या गाठी सोडवायला लावायचे. कारखान्याचा मालक दारात उभा राहून हळहळायचा, "लेकरं आजारी पडतील, साहेब." बाहेर आलो की उन्हात आमच्या अंगातून वाफा निघत आणि मालकाकडचा चहा घेतल्याशिवाय सुटका नसे.

गंमत अशी की जायला चारच जणी मिळणार होत्या. तंबू दोन, एकेका तंबूत दोघी. सुभेदारांनी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि पाचवी कोण ते जूनच्या पहिल्या रविवारी ठरणार होतं. नसीमचं जाणं ठरल्यात जमा होतं. पवार बहिणी कुस्तीगिराच्या मुली, त्या दोघींचं बघायलाच नको. राहिलो मी आणि मंगल.

मला ती चौथी जागा हवी होती. किती हवी होती हे आज सांगताना लाज वाटते. तिशी उलटलेली, लग्न न झालेली मी करमाडच्या घरात 'हिचं काय करायचं' या प्रश्नापुरती उरले होते. दिवाळीला गेले की चुलत्यांपासून गड्यांपर्यंत सगळे त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसत. जिथे कुणी काका नाही, कुणी स्थळ नाही, नुसता बर्फ आहे, अशा जागी मला एकदा जाऊन यायचं होतं. परत आल्यावर कुणी विचारलंच, तर माझ्याकडे काहीतरी उत्तर असलं असतं.

आता लाडवांचं सांगते. ध्रुवावर दोन महिने ओझं ओढत चाललं की अंग स्वतःलाच खायला लागतं. सुभेदार म्हणत, "जी अंगावर घेऊन जाणार नाही ती परत येणार नाही. खाणं ही ड्यूटी आहे." जूनच्या त्या रविवारपर्यंत प्रत्येकीने आठ किलो वजन वाढवायचं होतं. जिचं वाढणार नाही तिचं नाव बाद. त्यासाठी त्यांनी नेमून दिले ते डिंकाचे लाडू, दिवसाला सहा. भर उन्हाळ्यात! डिंक, खोबरं, खारीक आणि बोट बुडेल एवढं तूप. आमच्याकडे हे लाडू थंडीत करतात नाहीतर बाळंतिणीला देतात. दर रविवारी औरंगपुऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत आम्ही पाच जणी स्टोव्हभोवती बसून लाडू वळायचो. तुपात डिंक फुलायचा, खोलीतल्या भिंतींना घाम फुटायचा, आणि घरमालकीण जिन्यात उभी राहून विचारायची, "कुंदा, कोण गं बाळंत झालंय तुमच्यात?" उत्तर देऊन देऊन मी थकले. शेवटी मीच म्हणायला लागले, "सगळ्याच."

ते लाडू खाणं ही शिक्षा होती. दुसरा लाडू संपेपर्यंत घसा तुपाने बंद व्हायचा. तोंडाला फोड आले. एकदा माझा घोळणा फुटला आणि ऑफिसच्या फायलीवर रक्त सांडलं. करमाडला आईने कपाळावर हात मारून घेतला, "उन्हाळ्यात डिंक कोण खातं गं, मरायचंय का?" तिने कांद्याचा रस, धन्याचं पाणी, सब्जा, सगळं सुरू केलं, आणि ते प्यायलं की लाडवांना पोटात जागा उरत नसे. साऱ्या जगातल्या बाया बारीक व्हायच्या मागे आणि आम्ही तागडीवर बोट ठेवून का होईना, पण वजन वाढावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या. खाणाऱ्या बाईकडे आपल्याकडे कसं बघतात हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. नसीम म्हणायची, "घर में सब बोलतें, कित्ता खाती, कित्ता खाती. अम्मी अकेली बोलती, खा बेटा, बरफ में कौन देंगा."

मे महिना लागला आणि घाट उतरताना माझा टायर एका दगडाला अडकला. मी नेहमीसारखी घाईत. दोराचा हिसका बसला, उजवा पाय वाकडा पडला आणि गुडघ्यात असं काही झालं की मी रस्त्यावरच बसले. तासाभरात गुडघा सुजून टम्म झाला. सुभेदारांनी दाबून बघितलं. "पंधरा दिवस पाय टेकवायचा नाही," ते म्हणाले. "त्याच्या पुढं बघू." त्यांच्या 'बघू' मध्ये माझं नाव खोडलेलं मला दिसत होतं. मंगलने मला पाठीवर घेऊन जीपपर्यंत आणलं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा घाम आलेला मी पाहिला, तिच्या मानेवर माझं नाक होतं म्हणून.

मग मला काम लागलं जीपमध्ये बसून पाणी आणि लाडवांच्या पिशव्या सांभाळायचं. पाय समोर लांब करून मी बसायची, आणि चौघी टायर ओढत यायच्या. चिडचिडीने माझं डोकं फुटायचं. रोज घाटाच्या पायथ्याशी रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं असे. तिथे खडी फोडणाऱ्या बाया पालाच्या सावलीला बसलेल्या असत. एका सकाळी मला दिसलं की मंगल त्यांच्यापाशी थांबली, कमरेची पिशवी सोडली आणि सहाच्या सहा लाडू त्यांच्या पदरात टाकले. एकही तोंडात घातला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी लाडू वळताना मी मुद्दाम तिच्याकडे बघत राहिले. तुपात तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत माखलेले होते. आम्ही सगळ्या बोटं चाटत होतो. तिने फडक्याने पुसली.

मला वाटलं, हिला तूप पचत नसेल. मला वाटलं, दानशूरपणा सुचलाय. काय वाटलं याला काही महत्त्व नाही. महत्त्व एवढ्यालाच आहे की मी गप्प बसले. सुभेदार जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेले असत. एक वाक्य पुरलं असतं, "साहेब, मंगल खात नाही." ते उतरून तिच्या समोर उभे राहिले असते आणि लाडू संपेपर्यंत हलले नसते. मी ते वाक्य बोलले नाही. मी खोलीवर बसून माझे सहा लाडू खात होते, कधी सात, आणि गुडघ्याला करमाडच्या आजोबांकडून आणलेलं तेल चोळत होते. मंगलच्या गालाची हाडं वर येत होती. ती आठवड्यातून तीनदा संध्याकाळी एस.टी.ने माझ्या खोलीवर यायची, गरम विटेने माझा गुडघा शेकायची आणि म्हणायची, "उतरलीय की सूज. बघ, उतरलीय." मी तिला चहा करून द्यायची. लाडू पुढे केला की म्हणायची, "आत्ताच खाऊन आले." आणि मी आग्रह करत नसे. ज्या गावात पाणी पाजल्याशिवाय वाटसरूला सोडत नाहीत तिथली मी, एका लाडवाचा आग्रह केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाय टेकवता आला. मेच्या शेवटच्या शनिवारी मी पट्टा बांधला आणि एक टायर घेऊन खुलताबादपर्यंत चालले. हळू, मंगलच्या चालीने, कारण दुसरी कुठली चाल गुडघा चालू देईना. मारुतीच्या देवळापुढे पोचलो तेव्हा मंगल आत जाऊन आली, पायरीवर बसली, पिशवीतून लाडू काढला आणि डोळे मिटून खायला लागली. एक संपवला, दुसरा काढला. मी बघत राहिले. आता कामून खातीय ही? आठ दिवसांत काही व्हायचं नाही, असा हिशेब मी तिथल्या तिथे मनात केला. देवळाच्या पायरीवर बसून केला.

जूनच्या पहिल्या रविवारी मोंढ्यात एका आडत्याच्या धान्याच्या काट्यावर आमची वजनं झाली. दुसरा इतका मोठा काटा सुभेदारांच्या ओळखीत नव्हता. ज्वारीची पोती सरकवून जागा केली. हमाल कामं सोडून बघायला उभे राहिले. नसीम नऊने वाढली होती, पवार बहिणी आठ-आठने. मी साडेसातने, आणि सुभेदारांनी गुडघ्याचा अर्धा किलो सोडून दिला. मंगल काट्यावर चढली आणि काटा तिच्या मार्चमधल्या वजनाच्याही खाली थांबला. सुभेदारांना राग आवरेना. "सगळ्यात चांगली चालणारी तू! काय करत होतीस? खात नव्हतीस?" मंगलने जमिनीकडे बघत सांगितलं, "खात व्हते, साहेब. अंगाला लागंना." मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते.

सुभेदारांनी वहीतलं मंगलचं नाव खोडलं. मग म्हणाले, "कुंदा, तू."

ध्रुवावर आम्ही पोचलो. त्याबद्दल लोक विचारतात आणि मी सांगते, पण खरं सांगायचं तर तिथे फारसं काही नाही. वारा आहे आणि पुढचं पाऊल आहे. लाडू गोठून दगड झाले होते, कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडून गालात धरावे लागत. मी घाम न गाळता चालायला शिकले होते. मंगलची चाल मला आली होती, आणि त्या चालीनेच मी पोचले. रोज आठ-नऊ तास ती माझ्या पुढे चालताना मला दिसायची आणि मी तिच्यावर चिडायची, की अजून का दिसतेस.

परत आल्यावर करमाडला सत्कार झाला, शहरात झाला, खुलताबादलाही झाला. तिथे मंगलची आई गर्दीतून वाट काढत आली, तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि पहिल्यांदा गुडघ्याला हात लावून बघितला. "बरा हाय ना गं? मपल्या पोरीनं तूप सोडलं व्हतं तुझ्या गुडघ्यापायी. म्हणली, कुंदी टायर वढीत मारुतीला येईस्तोर तुपाचा कण तोंडात घेनार नाय." आमच्याकडे नवसाला माणसं एखादी वस्तू सोडतात. कुणी आंबा सोडतं, कुणी गोड. जे सोडल्याने जीव कासावीस होईल ते सोडायचं. मंगलला तेव्हा सोडण्यासारखी एकच मोलाची गोष्ट होती आणि ती तिच्या कमरेच्या पिशवीत होती. तिच्या आईला वाटलं मी आनंदाने रडतेय. तिने पदराने माझे डोळे पुसले.

मला त्या दिवसापासून मंगलचा राग येतो. असला कसला नवस? गुडघा तेलाने बरा झाला असता, शेकून झाला असता. नाही झाला असता तर तू गेली असतीस! इतकी शिकलेली बाई, पोरांना विज्ञान शिकवते, आणि ध्रुवावर जायच्या तयारीत तूप सोडते? हे मी मनात हजारदा तिला ऐकवलंय. तोंडाने एकदाही नाही, कारण मग दुसरंही बोलावं लागलं असतं. आम्ही भेटत राहिलो. तिच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, माझ्या आईच्या वेळी ती तेरा दिवस करमाडला राहिली. आणि मी शाळा-शाळांतून भाषणं देत हिंडले. विषय कोणता, तर संघभावना. पंचवीस वर्षं. ते चारशे टाळ्या वाजवणारे हात बघितले की मला वाटायचं, कुणीतरी एकाने तरी उठून विचारावं, पाचवीचं काय झालं? कुणी विचारलं नाही. पोरांना सहसा पेंग्विनबद्दल विचारायचं असतं, आणि आम्ही गेलो त्या वाटेवर एकही पेंग्विन नव्हता.

यंदा फोन आला. शहरातल्या पाच-सहा मुली त्याच घाटात टायर ओढायला लागल्यात, त्यांच्यासमोर शनिवारी या, म्हणाले. विषय विचारायची गरज नव्हती. मी होकार दिला आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आता मला ते जमणार नाही. या मुलींना खरं सांगायला हवं, नाहीतर गप्प बसायला हवं. आणि खरं परक्या मुलींना सांगायच्या आधी ते मंगलला सांगायला हवं. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. तिसऱ्या दिवशी खुलताबादची एस.टी. धरली.

मंगल निवृत्त झालीय. घरापुढच्या लिंबाखाली चार शेळ्या आणि बाजेवर ती, सुपात खिरण्या निवडत. पिवळ्याधमक. मला बघून ती सरकली. "बस. उन्हाची कामून आलीस? खा." मी एक खिरणी तोंडात टाकली आणि तेवढ्यातच बोलून टाकलं, कारण पाणी आणते म्हणून ती उठली असती तर माझा धीर गेला असता.

"मंगल, तू लाडू वाटत होतीस ते मी बघितलं होतं. जीपमधून. पहिल्या दिवसापासून. आणि मी सुभेदारांना सांगितलं नाही. तुला हटकलं नाही. मला तुझी जागा पाहिजे होती म्हणून."

ती खिरण्या निवडत राहिली. किडकी एक शेळीकडे फेकली.

"व्हय," ती म्हणाली. "माहितंय मला."

"काय माहितंय?"

"तू बघत व्हतीस ते. म्या बी तुला बघितलं बघताना."

इतकी वर्षं साठवलेली चीड माझ्या डोक्यात गेली. मी बाजेवरून उठलेच. "मग बोलली का नाहीस? भांडायचं होतंस! चार शिव्या द्यायच्या होत्यास! नवस आहे म्हणून सांगायचं होतंस. मोंढ्यात सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवायचं होतंस! माझ्या खोलीवर येऊन गुडघा शेकत काय बसलीस? एकदा तरी चिड ना बाई माझ्यावर!"

शेळ्या बिचकून दोरीच्या टोकाला गेल्या. मंगलने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे वर बघितलं, आणि वर्गातल्या एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं.

"म्या बोलले असते, तर तुझ्या घशाखाली घास उतरला असता का, कुंदे? तीन किलो वाढायचं व्हतं तुझं अजून."